रेगन की क्लिंटन? पैज रोडग्याची लागली, निकाल मले लावाचा हाय

अभ्यासिकेची_चाबी (यवतमाळ जिल्हा)

राजेहो, एक विचाराचं हाय, हसू नका.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत अभ्यासिका चालते. चाबी माह्याकडे असते म्हणून पोट्टे मले सर म्हणतात, बाकी मी काई सर नाई, दोनदा मुख्य परीक्षेतून घरी आलेला माणूस. पंधरा-सोळा पोट्टे आन् चार-पाच पोरी येतात. तर झालं असं का आंतरराष्ट्रीय घडामोडी वाचता वाचता यायच्यात दोन पार्ट्या पडल्या. एका पोट्ट्याचा मामेभाऊ डल्लासले असते, तो रोज सकाळी व्हिडिओ पाठवते, त्या व्हिडिओत अमेरिकेच्या दोन पार्ट्यायपैकी रिपब्लिकन म्हणजे देव आन् डेमोक्रॅट म्हणजे देश बुडवणारे. दुसऱ्या बाजूले एक पोरगी हाय, इंग्रजी लय चांगलं, ती कानात बोंडकं घालून तिकडचे कार्यक्रम ऐकते आन् तिच्या हिशोबानं सारं उलटं. आता यायनं पूर्वपरीक्षेची चिंता कराची का रेगनच्या कर्जाची? पण ऐकत नाईत.

परवा पैज लागली. अमेरिकेचे दोन माजी अध्यक्ष, रिपब्लिकन रेगनचा रेकॉर्ड भारी का डेमोक्रॅट क्लिंटनचा. जो हारन त्याच्या पार्टीनं साऱ्यायले रोडगे (गोवऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) आन् वांग्याची भाजी. पंच मी.

मी हिरव्या बोर्डावर दोन रकाने आखले, महागाई, बेरोजगारी, कर्ज, लढाया असं एकाखाली एक लिहिलं. पाच मिनिटात समजलं का यायच्यातला आकडा कोणताच खोटा नाई आन् तरी भांडण मिटत नाई. पोट्टा म्हणते 1980 मध्ये महागाई साडेतेरा टक्के होती, 1983 मध्ये 3.2 वर आली, हे रेगननं केलं. पोरगी म्हणते मंग 1982 च्या शेवटी बेरोजगारी 10.8 टक्के झाली ते कोणं केलं? पोट्टा म्हणते ते आधीच्या अध्यक्षाचं, कार्टरचं खरकटं. म्हणजे पाह्य, त्याच दोन-तीन वर्षातलं चांगलं ते रेगनचं आन् वाईट ते कार्टरचं! पोरगीबी तशीच. 1998 पासून चार वर्षं सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडली ते क्लिंटनचं, पण 1999 मध्ये बँकांवरची जुनी बंधनं काढली त्या कायद्यावर सही कोणाची म्हतलं तर म्हणते ते रिपब्लिकन काँग्रेसनं, म्हणजे तिकडच्या संसदेनं, करवून घेतलं.

तर अध्यक्षाचा हिशोब कोणत्या तारखेपासून धराचा? 20 जानेवारीले शपथ घेतली का लगेच सारं त्याच्या खात्यावर? निकाल रविवारी द्याचा हाय. राजकारण आणू नका असं म्हणत नाई, आणा, पण इथलं आणू नका, इथल्यावरून एकदा खुर्च्या फुटल्या हायेत.

---

पुसदचा_टेक्सासमधी

मी तो मामेभाऊ नाही हे आधीच सांगतो, डल्लासमध्ये आपले लोक भरपूर आहेत. पण मी रेगनवाला आहे आणि लपवत नाही.

माणूस आला तेव्हा देशाचा मूड काय होता ते बघा ना, पेट्रोलसाठी रांगा लागून गेलेल्या, इराणमध्ये 52 अमेरिकन 444 दिवस ओलीस, महागाई दोन आकडी. आणि जाताना? टॉपचा इन्कम टॅक्स 70 टक्क्यांवरून 28 वर आला होता, सोव्हिएत रशियाच्या गोर्बाचेव्हबरोबर 1987 मध्ये मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा करार झाला होता आणि 1984 च्या निवडणुकीत तर 50 पैकी 49 राज्यं एकट्याने घेतली होती. एवढे सगळे लोक मूर्ख होते का? क्लिंटनला आयतं ताट मिळालं, शीतयुद्ध संपलेलं, इंटरनेटची भरभराट सुरू झालेली, शेअर बाजार वर, कोणीही बसला असता तरी शिल्लक पडली असती. तुमच्या पोराला सांगा रोडगे मागवून ठेव.

---

कोरडवाहू_अकोला

टेक्सासवाले भाऊ, तिप्पट कर्जाचा रकाना कुठं गेला? रेगन आला तेव्हा देशावरचं कर्ज एक ट्रिलियन डॉलरच्या थोडं खाली होतं, गेला तेव्हा जवळपास तिप्पट. टॅक्स कमी केला, लष्कराचा खर्च वाढवला आणि फरक उधारीवर. आमच्याकडं असं लग्न करतात, मांडव पाहून गाव खूश होते आणि मग तीन वर्षं सोसायटीचा माणूस दारात.

आणि महागाईचं. ती रेगननं नाही मोडली, ती पॉल व्होल्करनं मोडली, फेडचा अध्यक्ष, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरसारखा. त्याला नेमला कोणी? कार्टरनं, ऑगस्ट 1979 मध्ये. त्यानं व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. घर बांधणाऱ्या लोकांचा धंदा बसला तर ते लाकडाचे तुकडे पोस्टानं त्याच्या टेबलावर पाठवायचे, घ्या, आम्हाला आता काही उपयोग नाही म्हणून. कर्जबाजारी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून फेडची इमारत अडवली होती. त्या कडू औषधाचा त्रास कार्टरच्या नावावर गेला, तो 1980 ला हरला, आणि पथ्य संपून तब्येत सुधारली तेव्हा खुर्चीत रेगन होता.

आता मी स्वतः क्लिंटनकडे झुकलेला आहे हे मान्य, पण एक गोष्ट रेगनच्या बाजूनं सांगतोच नाहीतर झोप लागणार नाही. 1982 मध्ये बेरोजगारी एवढी वाढली, स्वतःच्या पक्षाचे लोक ओरडत होते, तरी त्यानं व्होल्करला हाकललं नाही, उलट 1983 मध्ये पुन्हा नेमला. दुसरा कोणी असता तर पाय कापले असते. म्हणून महागाईचे मार्क मी अर्धे-अर्धे देईन. कर्जाचे मात्र पूर्ण रेगनच्या खात्यावर.

---

पुसदचा_टेक्सासमधी

खर्चाची बिलं डेमोक्रॅट लोकांच्या हाऊसमधून, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातून, पास होत होती, आठही वर्षं हाऊस त्यांच्याकडे होतं. हे सोयीनं विसरता.

---

कोरडवाहू_अकोला

आणि क्लिंटनच्या शिल्लकीच्या वेळी काँग्रेस रिपब्लिकनकडं होती हे तुम्ही लगेच सांगाल. मग नियम एकच लावा ना भाऊ, दोन्हीकडं काँग्रेस धरा नाहीतर दोन्हीकडं सोडा. तसंही 1993 चा टॅक्सवाढीचा कायदा एकाही रिपब्लिकन मताशिवाय पास झाला होता, ती शिल्लक तिथून सुरू होते.

---

पुसदचा_टेक्सासमधी

तिथून नाही, 1990 पासून सुरू होते. रेगननंतर आलेल्या थोरल्या बुशनं टॅक्स वाढवणार नाही असा शब्द देऊन मग डेमोक्रॅट लोकांबरोबर बसून वाढवला, आणि त्यापायी 1992 ची निवडणूक घालवली. म्हणजे पेरलं रिपब्लिकननं, कापलं क्लिंटननं. ह्याला काय म्हणाल?

---

माजी_सदस्य_वार्ड_तीन

तुमचं दोघायचं वाचून माह्या गावची टाकी आठवली, म्हणून लिहिते.

मी पाच वर्षं ग्रामपंचायतीत होती. आमच्या पाण्याच्या टाकीले दोन पाट्या हायेत. एका खांबावर भूमिपूजनाची, त्याच्यावर एका पार्टीच्या लोकायचे नावं, दुसऱ्या खांबावर लोकार्पणाची, त्याच्यावर दुसऱ्या पार्टीचे. दोन्ही संगमरवरी, एका पाटीचा चुना निघून रायला. मंजुरी आमच्या बॉडीनं आणली, खोदकाम आमच्यात झालं, गावभर रस्ते फोडले म्हणून बायायनं शिव्या आमाले देल्या. पाणी आलं ते नवीन बॉडी बसल्यावर तीन महिन्यानं, गुलाल त्यायनं उधळला. आन् दोन वर्षानं टाकी पाझरायले लागली तर ते म्हणतात काम यायच्या काळातलं होय. आता सांगा टाकी कोणाची?

चाबीवाल्या भाऊले तारीख पायजे होती तर ती सांगते. अमेरिकेचं सरकारी वर्ष 1 ऑक्टोबरले सुरू होते आन् 30 सप्टेंबरले संपते, आपल्यासारखं एप्रिल-मार्च नाई. अध्यक्ष जानेवारीत येते. म्हणजे पहिले आठ महिने तो जुन्याच्या बजेटवर चालते. म्हणूनच 2001 ची जी शेवटची शिल्लक दाखवतात त्यातले आठ महिने धाकटा बुश खुर्चीत होता पण बजेट क्लिंटनचं. 2009 चं त्याच्या उलटं. तिकडे बँका बुडाल्या त्या सप्टेंबर 2008 मध्ये, बजेट बुशचं, जानेवारीत ओबामा आला आन् फेब्रुवारीत त्यानं त्याच्यावर आपला सातशे-आठशे अब्ज डॉलरचा पॅकेज चढवला. त्या वर्षीच्या तुटीवरून अजूनही दोन्ही पार्ट्या एकमेकाची गचांडी धरतात. 2009 च्याच ऑक्टोबरात बेरोजगारी 10 टक्के झाली. शपथेच्या तारखेपासून मोजलं तर ओबामानं वाढवली, आन् 2017 च्या जानेवारीत मोजलं तर पाऊणेपाचच्या आत आणली.

म्हणून मी म्हणते, पहिलं वर्ष कोणालेच धरू नका. माह्यं मत होय.

---

उलंगवाडी

मी कास्तकार माणूस, सात एकर कोरडवाहू, मले एवढं समजत नाई पण माह्याकडे बी एक रेकॉर्ड हाय, कापसाच्या पट्ट्यायचा. जिनिंगची पावती मी फेकत नाई, पिठाच्या डब्यात हायेत साऱ्या.

त्याच्या हिशोबानं अमेरिकेचा सगळ्यात भारी अध्यक्ष बायडेन. कारण त्याच्याच काळात, 2022 च्या मार्च महिन्यात, मले क्विंटलले 10,200 भेटले, जन्मात पहिल्यांदा. आता मले सांगा यात बायडेनचा काय हात? तिकडे त्याच वर्षी जूनमध्ये महागाई 9.1 टक्के झाली, तिकडचे लोक त्याले शिव्या देत होते आन् मी इकडे मोटारसायकल घेत होतो. मंग पुढच्या हंगामात मी म्हतलं आता बारा हजार होते, ठेवून देऊ. अर्ध्या जिल्ह्यानं ठेवला. घरात, ओसरीत, पलंगाखाली कापूस. मे उजाडला, भाव साडेसातच्या वर सरकेना, आन् कापसातल्या किड्यायनं लेकरायच्या अंगाले खाज सुटली, डॉक्टरले चारदा पैसे देल्ले. बायको म्हणे कापूस इका नाईतर मी माहेरी जाते. शेवटी खेडा खरेदीवाल्याले देल्ला सात हजार दोनशेनं. हाही बायडेनच होता बरं का खुर्चीत.

आता खरी गोष्ट. तुमी रिपब्लिकन-डेमोक्रॅट करून रायले पण आमच्या कापसाच्या बाबतीत दोघंही एकाच बंडीचे बैल. तिकडच्या कापसाच्या शेतकऱ्याले सबसिडी भेटते. 2002 चा शेती कायदा बुशनं केला, त्याच्यात वाढवली. ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत केस टाकली आन् 2005 मध्ये जिंकली. मंग काय बंद झाली का सबसिडी? नाई. 2010 पासून, म्हणजे ओबामाच्या काळात, अमेरिकेनं ब्राझीलच्या कापूसवाल्यायलेच वर्षाले 147 दशलक्ष डॉलर दिवाले सुरवात केली, का तुमी गप्प बसा. आपल्या शेतकऱ्याची सबसिडी वाचवाले दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याले पैसे! 2014 मध्ये आणखी 300 दशलक्ष देऊन मिटवलं. 2018 मध्ये ट्रम्पच्या काळात कापूस पुन्हा मोठ्या सबसिडीच्या यादीत सरकीसकट बसवला. बुश, ओबामा, ट्रम्प, तिघंही त्याच धुऱ्यावर. आपल्याले आफ्रिकेतले चार गरीब देश बरे, माली, चाड, बेनिन, बुर्किना फासो, त्यायनं 2003 पासून बोंबलून पाह्यलं.

चालू माणसाचं बोलाचं नाई असं चाबीवाल्यानं म्हटलं नाई म्हणून एवढंच, 2025 च्या ऑगस्टमध्ये ट्रम्पनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावला आन् त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरच्या कापसावरचा 11 टक्के आयात कर काढला, आधी सप्टेंबरपर्यंत, मंग डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येते त्या दिवसायपर्यंत. हमीभाव 8,110 लिहून होता लांब धाग्याले, पण सीसीआयचा (सरकारी कापूस खरेदीचा) ग्रेडर ओलावा पाह्यते का नाई.

तर बोर्डावर एक रकाना कापसाचा टाका. त्यात दोघायलेही शून्य.

---

नातू_टाइप_करतो

आबाजी बाजूले बसून हायेत, त्यायले सारं वाचून दाखवलं, ते म्हणतात लिही.

पयले म्हणाले, रिपब्लिकन तिकडे कधी गेली? समजावता समजावता दहा मिनिटं गेली, कारण त्यायच्या डोळ्यासमोर रिपब्लिकन म्हणजे निळा झेंडा आन् 1957 चं नागपूर. तिकडच्याचा रंग लाल पण चिन्ह हत्ती म्हतल्यावर म्हणतात हत्ती तर आमचाच होता.

मंग ते त्यायच्या लेकरपणाचं सांगतात. 1965-66 मध्ये पाऊस नव्हता, रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. भाकर थापली का कडेनं फाटे, बुढी पाणी गरम करून करून मळे तरी फाटे. जनावरायचं खाणं होय म्हणत लोक, पण खाल्ली साऱ्यायनं. ही योजना सुरू केली 1954 मध्ये आयसेनहॉवरनं, रिपब्लिकन. पण दुष्काळात धान्य देताना एकेक महिन्याचं मोजून देणारा जॉन्सन, डेमोक्रॅट, कारण आपण व्हिएतनामच्या लढाईवरून त्याले बोललो होतो. जहाज बंदरावर लागन का नाई याच्यावर आपली चूल. त्याच जॉन्सननं तिकडे 1964 मध्ये काळ्या लोकायले हक्क देणारा कायदा केला, दुसऱ्या वर्षी मतदानाचा. आता आबाजी विचारतात का याले किती मार्क द्याचे? तिकडचा काळा माणूस देईन शंभर, मी भाकर आठवली का दहाच देतो.

गाजर गवतबी त्याच योजनेच्या गव्हासोबत आलं म्हणतात ते, साऱ्या गावाचं हेच म्हणणं हाय.

निक्सनवर ते फक्त एक शब्द बोलले, तो इथं टाइप करत नाई. 1971 च्या डिसेंबरात त्यानं बंगालच्या उपसागरात एंटरप्राइझ जहाज पाठवलं होतं ते त्यायनं रेडिओवर ऐकलं होतं.

---

मूर्तिजापूर_जंक्शन

निक्सनवरून आठवलं, आमच्या शकुंतला रेल्वेच्या कंपनीचं नाव किलिक निक्सन. शाळेत असताना मी तीन वर्षं समजत होतो की अमेरिकेचा अध्यक्षच यवतमाळची गाडी चालवते आणि म्हणूनच ती लेट असते. संबंध काडीचा नाही, इंग्रजांची कंपनी होती. चालू द्या.

---

वऱ्हाडाचं_जुनं_पान

उलंगवाडी भाऊंनी दोघांना शून्य दिलं पण एका अध्यक्षाला आपल्या कापसानं शंभर दिलेले आहेत, ते राहून गेलं. लिंकन.

त्याला काही वऱ्हाड माहीत नव्हतं. 1861 मध्ये यादवी सुरू झाली, त्यानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि सगळे व्यापारी इकडं धावले. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात येऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. ज्वारीच्या वावरात कापूस शिरला तो त्या चार वर्षांत, 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, 1870 ला खामगावच्या कापूस बाजाराला स्वतंत्र फाटा मिळाला. पण 1865 मध्ये लढाई संपली आणि भाव कोसळला, मुंबईत शेअरवाले बुडाले, इकडं सावकाराकडं जमिनी लागल्या. कापूस मात्र वावरातून गेला नाही, आजपर्यंत. म्हणजे लिंकन चांगला का वाईट? तिकडं त्यानं चाळीस लाख माणसांच्या गुलामीचा शेवट केला. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ त्याच कामासाठी अमेरिकेच्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती, ते उगाच नाही. आणि इकडच्या कुणब्याच्या घरात त्याच लढाईची तेजी आधी आली आणि मंदी मुक्कामाला राहिली.

आता टेक्सासवाले म्हणतील लिंकन आमच्या पक्षाचा. आहे, पण तेव्हाचा पक्ष आणि आताचा पक्ष यांचं फक्त नाव एक आहे. गुलामी राखायला निघालेली दक्षिणेची राज्यं तेव्हा डेमोक्रॅट लोकांची होती, 1964 च्या कायद्यानंतर हळूहळू रिपब्लिकनकडे गेली. त्यामुळं दीडशे वर्षांचा हिशोब पक्षाच्या नावानं लावणं म्हणजे वावर विकून टाकल्यावर सातबाऱ्यावरच्या जुन्या नावानं पीक मोजणं.

तिकडचे इतिहासाचे प्राध्यापकही यादी काढतात. सी-स्पॅन वाहिनीच्या 2021 च्या यादीत लिंकन पहिला, रेगन नववा, ओबामा दहावा, ट्रम्प 41 वा. रिपब्लिकन म्हणतात प्राध्यापक सगळे डावे, यादी फेकून द्या. पण ट्रूमन बघा, 1953 मध्ये घरी गेला तेव्हा लोक त्याला कंटाळले होते, आज त्याच यादीत सहावा आहे. क्लिंटनला खुर्ची सोडून पंचवीसच वर्षं झालीत, रविवारी निकाल लावायची घाई कशाला.

---

पुसदचा_टेक्सासमधी

लिंकनचं मान्य. एक सांगू का, इथं बसून भांडायला मजा येते पण मी इथं आलो कसा ते परवा मुलीनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलं. आशियाई लोकांना दार उघडणारा 1965 चा कायदा जॉन्सनचा, डेमोक्रॅट. ज्या एच-वन-बी व्हिसावर मी आलो तो 1990 चा कायदा थोरल्या बुशचा, रिपब्लिकन. ती म्हणाली मग बाबा तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात. मी म्हटलं आईला विचार.

पण रेगन भारीच.

---

अभ्यासिकेची_चाबी

साऱ्यायले धन्यवाद. आज काय झालं ते सांगतो.

ताईचा नियम लावला, पहिलं वर्ष कोणालेच नाई. त्याच्यावर दोन्ही पार्ट्या राजी झाल्या. पोट्ट्याचा चेहरा फुलला कारण रेगनचं 1981 गेलं, मंग पोरीनं 1982 ची बेरोजगारी तशीच ठेवली आन् तो पुन्हा उतरला. महागाईचे मार्क अर्धे-अर्धे केले, व्होल्करचं नाव बोर्डावर तिसऱ्या रकान्यात लिहिलं, तर मागच्या बाकावरचा एक जण म्हणे सर मंग पैज व्होल्करच जिंकला, त्याले बोलवा जेवाले. लाकडाच्या तुकड्यायचं पोस्ट वाचून दाखवल्यावर सारे हसले, पण एका पोट्ट्याचे वडील तिकडे नागपूरले सेंट्रिंगच्या कामावर असतात, तो हसला नाई.

कापसाचा रकाना टाकला. अभ्यासिकेतल्या ज्या पोट्ट्यानं टाका म्हतलं तो आजपर्यंत कधी बोलला नव्हता, खडू घेतला आन् दोन्हीकडे शून्य काढून बसला. दोन्ही पार्ट्यायनं हरकत घेतली, पहिल्यांदाच एकत्र, का हा परीक्षेच्या सिलॅबसमध्ये नाई. तो म्हणे माह्या घरच्या सिलॅबसमध्ये हाय. त्याच्यावर अर्धा तास.

निकाल मी देला नाई. बरोबरी केली, म्हणजे रोडगे दोघायनंही कराचे, वर्गणी तीस रुपये. तर आता नवीन भांडण लागलं का वांगे कोणाच्या वावरातले. गोवऱ्या माह्याकडे हायेत पण परवाच्या पाण्यात खालचा थर ओला झाला, कोणाकडे कोरड्या असतीन तर सांगा, एक पोतं पायजे.